पंधरा गोष्टी आणि त्यांचे दोन लेखक: एका भयकथासंग्रहाच्या संपादनाचं प्रकरण

वेंगुर्ला तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावातले तलाठी निवृत्त झाले आणि त्यांनी आजवर लिहिलेल्या कथांचं बाड एका छोट्या प्रकाशकाच्या हवाली केलं. कथा पंधरा. सगळ्या काळोख्या. काहींत सरळसरळ भूत आहे, काहींत भुताचं नावही नाही, तरी वाचताना अंगावर काटा येतो. प्रकाशकानं बाड माझ्याकडे संपादनाला पाठवलं तेव्हा सोबत चिठ्ठी होती: निम्म्या कथा उत्तम, निम्म्या छापण्याजोग्या नाहीत, लेखक म्हणतात सगळ्या एकत्रच. काय करायचं?

असे संग्रह मराठीत निघत असतात आणि 'काही कथा जमल्या आहेत' या परीक्षणातल्या एका वाक्यावर त्यांची बोळवण होते. एकाच माणसाच्या हातून उतरलेल्या कथांत एवढी दरी का पडते, याच्या मुळाशी सहसा कुणी जात नाही. इथं ते कारण बऱ्यापैकी हाती लागलं, म्हणून सविस्तर नोंदवते. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. लेखकांना गावात सगळे भाऊ म्हणतात, इथंही तेच.

बाडात काय होतं

नऊ कथा म्हणजे दिवाळी अंकांतली कात्रणं, कोऱ्या कागदांवर डकवलेली. उरलेल्या सहा हातानं लिहिलेल्या, कुठंही न छापलेल्या. फुलस्केप कागद, डावीकडे दुमडून पाडलेला समास, निळी शाई आणि फेरफार नोंदवहीत शोभावं असं अक्षर. जिथं खाडाखोड केली तिथं बाजूला भाऊंची छोटी सही आणि तारीख. सरकारी कागदावर दुरुस्ती साक्षांकित करायची सवय कथा लिहितानाही सुटली नव्हती.

पहिल्या वाचनात मी प्रत्येक कथेवर शेरा मारला आणि मग दोन गठ्ठे केले. ठेवायच्या गठ्ठ्यात सगळा फुलस्केप आला. दुसऱ्या गठ्ठ्यात, एक अपवाद सोडला तर, सगळी कात्रणं.

कात्रणांत काय होतं ते पटकन सांगते, कारण वाचकांनी हे सगळं कुठं ना कुठं वाचलेलं आहे. मुंबईतल्या टॉवरची लिफ्ट नसलेल्या मजल्यावर थांबते. चोरबाजारातून आणलेल्या आरशात मागच्या मालकाची बायको दिसते. आंबोली घाटात भर पावसात पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात दाखवते. मग प्लँचेट, मग हॉटेलातली कायम बंद असलेली खोली. भाऊंचा टॉवरशी संबंध एवढाच की मुलीकडे दहिसरला जाताना ते लोकलमधून दिसतात; मुलगी राहते त्या तीन मजली इमारतीला लिफ्टच नाही. या पिढीनं भयकथा वाचली ती नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची. मतकरी मुंबईचेच, त्यामुळे त्यांच्या कथेतली भीती मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आपसूक नांदते. भाऊंनी ते घर उसनं घेतलं होतं, आणि भिंतीवर खिळा ठोकायलाही ते बिचकत होते हे वाक्यावाक्यात कळतं.

फुलस्केपवरच्या कथा वेगळ्याच माणसानं लिहिल्यासारख्या होत्या.

रोजनाम्याची कथा

यांतली एक मी पुरती सांगते, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. कथा कागदपत्रांच्या रूपात आहे: सातबारा, पंचनामा, अर्ज, आणि रोजनामा, म्हणजे सुनावणीच्या तारखांची नोंद. निवेदक नाही.

मुंबईतून परतलेला एक माणूस समुद्रालगत बारा गुंठे जागा घेतो. निवास-न्याहारीचं घर बांधायचा बेत आहे. जागेच्या मधून, राईपासून पुळणीपर्यंत, पायाखालची एक वाट गेलेली आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात नोंद आहे: 'राखणदाराची रात्रीची वाट.' राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. संगणकीकृत सातबाऱ्यावर हा रकाना कोरा. खरेदीखत नव्या उताऱ्यावर होतं, आणि माणूस चिऱ्याचा गडगा घालून वाट बंद करतो. सकाळी गडगा दरवाजाएवढ्या रुंदीत पडलेला. पुन्हा घालतो, पुन्हा पडतो. मग तहसील कार्यालयात एक अर्ज दाखल होतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, वाट मोकळी करून मिळावी म्हणून. अर्जदाराच्या सहीच्या जागी अंगठा. वय: निरंक. पत्ता: गाव. पंचनाम्यातली चतुःसीमा अशी: 'पूर्वेस राई, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस सामनेवाले यांचे घर, दक्षिणेस काही नाही.'

शेवटी चार तारखांचा रोजनामा. पहिल्या तारखेस सामनेवाले हजर, अर्जदार गैरहजर. दुसऱ्या तारखेस तसंच. तिसऱ्या तारखेस सामनेवाले हजर, मुदत मागतात, कारण 'झोप नाही'. चौथ्या तारखेस: 'अर्जदार हजर. सामनेवाले गैरहजर. वाट मोकळी. प्रकरण निकाली.'

संपली कथा. सव्वाचार पानं.

कोकणाबाहेरच्या वाचकाला ही चमत्कृती वाटेल. दक्षिण कोकणात मात्र तिची पहिली तीन पावलं रोजच्या व्यवहारातली आहेत. देवस्थान इनामाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव असतं, आणि देव ही कायद्याच्या दृष्टीनं मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे. ज्या तलाठ्यानं खातेदार म्हणून 'श्री देव अमुक' असे उतारे हातानं लिहून दिले, त्याला देवानं अर्ज करणं फार लांबचं वाटणार नाही. दुसरं, राखणदार इथं फिरतो ही समजूत कथेसाठी रचलेली नाही. याच तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. चपला झिजतात तर वाट असणारच. आणि वाट असेल तर ती अडवता येते, अडवली तर दाद मागता येते. भाऊंनी या साखळीतली फक्त शेवटची कडी स्वतःची जोडली आहे.

भीती येते ती तिथून. यातला राखणदार कुणाचा गळा दाबत नाही. तो रांगेत उभा राहतो, तारखा घेतो, हक्क मागतो. त्याच्याकडे वेळ भरपूर आहे आणि सामनेवाल्याकडे नाही, एवढाच फरक. सातबाऱ्यातली हस्तदोषाची चूक कलम १५५ खाली दुरुस्त करता येते, ही माहिती कथेत एका ओळीत येऊन जाते. सामनेवाल्यानं तेवढं केलं असतं तर काहीच घडलं नसतं. माझ्या मते ती ओळ सगळ्या संग्रहातली सगळ्यात निर्दय ओळ आहे.

दरी का पडली

भाऊंना मी विचारलं की कात्रणं आणि फुलस्केप यांत फरक काय. ते म्हणाले, "कात्रणं मागान घेतलेली. ही कोणी मागल्यानी नाय."

कारण याच्या आसपासच आहे. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'नं सुरू केली तेव्हापासून मराठी कथा मोठ्या प्रमाणात दिवाळीच्या मागणीवर लिहिली जाते. त्यातून उत्तम साहित्यही आलं, ते नाकारायचं नाही. पण भयकथेची मागणी ठरावीक शब्दांत येते: अमुक इतक्या शब्दांत, शेवटी धक्का हवा, वाचक शहरातला. भाऊंनी दर वर्षी ती तंतोतंत पुरवली. तलाठी माणूस, नमुना दिला की भरून देणार. आणि भयकथेचा तो नमुना त्यांच्या स्वतःच्या ज्ञानाला जागाच ठेवत नव्हता: हद्द, वहिवाट, वारस, सामाईक खातं, कबूल करून न दिलेलं देणं.

फुलस्केपवरच्या सहाही कथांत कुणाचं तरी काहीतरी देणं राहिलेलं आहे. एकीत १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कूळकायद्यानं जमीन कुळाची होते. तरी दर कापणीनंतर खळ्यावर रात्री कुणीतरी खंडाचं, म्हणजे मालकाला द्यायचं, भात पायलीनं मोजतं, आणि 'लाभ' म्हणून पहिली पायली टाकल्यावर पुढचे आकडे ऐकू येत नाहीत. दुसरीत खाडीवर पूल होतो, उतारूंची होडी बंद पडते, तरी ती चालवणारा तारी रोज उतारू मोजत बसतो आणि एकाचा हिशेब लागत नाही. ही कथा चांगली आहे, थोडी लांबली आहे.

एकच कलाटणी, दोनदा

भाऊंच्या बाडात मला एक आयता नमुना सापडला, जो पुढे बऱ्याच नवोदितांना दाखवला. घाटातल्या बाईची कथा (कात्रण) आणि बंद घराची कथा (फुलस्केप) यांत कलाटणी एकच आहे: जिला आपण जिवंत समजत होतो ती आधीच वारलेली. भयकथेतली सगळ्यात झिजलेली कलाटणी ही.

घाटातल्या कथेत गाडीवाला बाईला सावंतवाडीला सोडतो, तिची छत्री गाडीत राहते, दुसऱ्या दिवशी परत द्यायला जातो, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. शेवटच्या ओळीत कळतं. वाचकाला मात्र पहिल्या पानावरच कळलेलं असतं, आणि उरलेली पानं तो लेखकाची वाट बघत बसतो.

बंद घराच्या कथेत पहिलंच वाक्य सांगतं की शेजारची काकी ज्येष्ठात गेली. घर चाकरमान्यांचं, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं. वर्षभर सांजेला तुळशीपुढं दिवा लावायचं काम काकीकडे, त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मुंबईहून यायचे. गेली दोन वर्षं ते थकलेले. ती गेल्याचं मुंबईला कुणी कळवलेलं नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कुटुंब येतं तर अंगण सारवलेलं, तुळशीत दिवा. आता वाचकाला माहीत आहे आणि कुटुंबाला नाही. सून विचारायला निघते की काकी कुठं आहे, आणि नवरा तिला थांबवतो. विचारलं तर थकलेले पैसे द्यावे लागतील. पाचही दिवस ते विचारत नाहीत. दिवा रोज लागतो. विसर्जनानंतर घराला कुलूप घालताना सून उंबऱ्यावर पैसे ठेवते, नवरा ते उचलून खिशात घालतो.

माहिती तीच, फक्त जागा बदलली. लपवाछपवी लेखकाकडून काढून पात्रांकडे दिली की वाचक धक्क्याची वाट बघणं सोडतो आणि माणसांकडे बघायला लागतो. घाबरतो तो त्यांच्या चिक्कूपणाला. कोकणातल्या प्रत्येक वाडीत अशी कुलूपबंद घरं आहेत आणि त्यांच्या तुळशीला पाणी घालणारं कुणीतरी आहे. हा हिशेब वाचकाच्याही अंगावर येतो.

भाऊंना हे सांगितल्यावर घाटातली कथा कच्ची आहे हे त्यांनी मान्य केलं. एकही कथा गाळायला मात्र ते तयार होईनात. "ताई, पंधराच्या पंधरा घेवा, नायतर एकय नको. प्रत्येक गोष्ट छापताना कोणाक तरी दाखवलंय. ते इचारतले ना, आमची खंय गेली?"

वाचनालयातला गट

तिढा सोडवायला तिसरे वाचक हवे होते. गावाजवळच्या वाचनालयात दर शनिवारी एक वाचनगट बसतो: निवृत्त शिक्षक, एक निवृत्त परिचारिका, बँकेतली एक मुलगी, दोन कॉलेजची पोरं, दशावतारात स्त्री-पार्टी करणारा एक कलाकार, आणि ग्रंथपाल. आम्ही कथांवरची नावं काढून क्रमांक घातले आणि भाऊंना गैरहजर राहायला सांगितलं. ते आले, पण व्हरांड्यात बसले.

गटाचा कौल माझ्या गठ्ठ्यांशी बराचसा जुळला, यात नवल नव्हतं. नवल दोन कथांवरच्या भांडणाचं.

पहिली सर्पदंशाची, फुलस्केपवरची. पोराला कातळावर फुरसं चावतं. बाप ग्रामीण रुग्णालय सोडून मांत्रिकाकडे नेतो, मांत्रिक विष उतरवतो, बदल्यात बापानं काहीतरी कबूल केलेलं असतं आणि ते पुढे वसूल होतं. कथा ताकदीची. परिचारिका बाईंनी ती टेबलावर आपटलीच. त्यांचं म्हणणं असं: इथल्या सड्यावर फुरसं सर्रास आहे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं, आणि तरी माणसं दगावतात ती उशिरामुळे. "हिमतीनं लिवलाय खरा. पन वाचून एक जरी बापूस मांत्रिकाकडे गेलो तर?" कॉलेजच्या एका पोरानं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मुद्दा काढला. त्याला शांत करावं लागलं: साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्या कायद्यानं गुन्हा आहे, त्यावर गोष्ट लिहिणं नाही. पण बाईंचा मुद्दा कायद्याचा नव्हताच. याच कोकणात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशानं होणारे मृत्यू खाली आणले; त्या काळात दवाखान्यात काम केलेल्या बाईला 'मंत्रानं उतरलं' हे वाक्य कथेतसुद्धा सहन होत नव्हतं, आणि ते मला रास्त वाटलं.

मी सुचवणार होते की कथा गाळू. त्याआधीच भाऊ व्हरांड्यातून आत आले आणि म्हणाले, बदलतो. पंधरवड्यानं नवा मसुदा आला. त्यात बाप घाबरून दोन्हीकडे धावतो: मांत्रिकाला कबूल करतो आणि लगेच पोराला रुग्णालयात नेतो. पोर वाचतं ते इंजेक्शनानं, डॉक्टर तसं स्वच्छ सांगतात. मग महिन्याभरानं मांत्रिक दारात उभा राहतो. मंत्र लागू पडला की नाही हा त्याचा प्रश्नच नाही. शब्द दिला होता की नाही, एवढंच तो विचारतो. कथा आधीपेक्षा दुप्पट काळी झाली. सावधगिरीची तळटीप टाकून हे साधलं नसतं.

दुसरं भांडण हडळीच्या कथेवर, जी कात्रणांतली होती. बाळंतपणात गेलेली सून विहिरीवर दिसते, दिराला झपाटते, शेवटी गावकरी बंदोबस्त करतात. बँकेतल्या मुलीनं विचारलं की या बाईला अख्ख्या कथेत नाव का नाही. सासूला आहे, दिराला आहे, बैलालासुद्धा आहे. दशावतारी कलाकार एरवी गप्प असतो. तो म्हणाला, "मेल्यार तरी तिका नाव गावांदे." आणि त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली: दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट रंगात येऊन जागेवर बोलतो, म्हणून राक्षसालाही आपली बाजू मांडायची संधी असते. या हडळीला ती नाही.

भाऊंनी तिला नाव दिलं, आणि नाव दिल्यावर पुढचं त्यांच्या हातातच होतं: मयताची नोंद, वारस नोंद, माहेरहून आलेला आंब्याचा बाग कुणाच्या नावे गेला. सातबाऱ्यावर हिचं नाव चढण्याआधीच ती गेली आणि दिरानं परस्पर फेरफार करून घेतला, हे मूळ कथेत नव्हतंच. आता ती विहिरीवर उभी राहते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत विचारते. हरकत नोंदवायला तिला कुणी वेळ दिला नव्हता.

कात्रणातली कथा फुलस्केपवर आली ती अशी. म्हणजे दरी लेखकाच्या कुवतीत नव्हती, ही माझी अटकळ पक्की झाली.

पानांचा हिशेब

कलेच्या चर्चेनं जे सुटलं नाही ते शेवटी छपाईनं सोडवलं. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. पंधरा कथांची पानं होत होती २४०, म्हणजे पंधरा फर्मे. प्रकाशकाच्या खिशात नऊ फर्म्यांचे, १४४ पानांचे पैसे होते. भाऊंपुढे हिशेब ठेवला. वरचे सहा फर्मे लेखकानं स्वखर्चानं घालावेत, अशी सूचना प्रकाशकानं केली, जी आपल्याकडे सर्रास केली जाते. मी तिला विरोध केला. कमकुवत कथांचा खर्च लेखकानं द्यायचा आणि चांगल्यांचा प्रकाशकानं, हा न्याय मला पटत नाही. आणि पेन्शनीतून पैसे घालून स्वतःच्याच संग्रहाला पाणी घालू देणं तर नाहीच.

भाऊ मात्र आकड्यांचे. १४४ म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला. नऊ कथा ठरल्या: फुलस्केपवरच्या सहा, हडळीची नव्यानं लिहिलेली, दशावतारी कंपनीची एक (खेळ संपल्यावर पेटाऱ्यापाशी रंग पुसणाऱ्या नटांमध्ये एक जास्तीचा असतो, कात्रणांतला अपवाद हाच), आणि नववी त्यांच्या हट्टाची. त्यांनी लिफ्टची कथा निवडली. मी नको म्हटलं, गटही नको म्हणाला. भाऊ म्हणाले, आठ तुमच्या, एक माझी.

क्रमाबद्दल थोडं. रोजनाम्याची कथा सगळ्यांत चांगली, म्हणून ती पहिली द्यावी असं प्रकाशकाचं मत. कागदपत्रांच्या भाषेत लिहिलेली कथा अनोळखी वाचकाला दारातच अडखळवते, म्हणून ती चौथी ठेवली. तोवर खंड, देणं, वहिवाट हे शब्द त्याच्या कानाला सरावतात. पहिली बंद घराची. लिफ्टची सातवी ठेवली, दोन भारी कथांच्या मध्ये, आणि खरं सांगायचं तर लपवून.

छपाईला जाण्याआधी एक अडथळा उरला. रोजनाम्याची कथा भाऊ पाठवेनात. कारण विचारल्यावर कळलं की देवाला कौल लावायचा आहे. गावच्या राखणदाराला अर्जदार केलंय, न विचारता कसं छापायचं? संपादक म्हणून या टप्प्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण कुठंच मिळत नाही. मी थांबले. कौल उजवा आला की डावा ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. कथा काही दिवसांनी कुरियरनं आली. एकच बदल होता: गट क्रमांक खोडून तिथं रेघ मारलेली, बाजूला छोटी सही आणि तारीख.

मुखपृष्ठासाठी चित्रकारानं चंद्र, माड आणि एक पांढरी आकृती पाठवली. ती परत गेली. शेवटी कोऱ्या सातबाऱ्याचा नमुना छापला, फक्त 'इतर हक्क' या रकान्यात एक अंगठा.

पुढे काय झालं

संग्रह गणपतीच्या आधी आला आणि वाचनालयानं चार प्रती घेतल्या. गावातल्या वाचकांना बंद घराची कथा झोंबली. एकानं ग्रंथपालांना विचारलं की हे आमच्याच घरावर लिहिलंय का, आणि तसंच आणखी दोघांनी विचारल्यावर ग्रंथपाल निश्चिंत झाले. रोजनाम्याच्या कथेवर तहसील कार्यालयातल्या एका कारकुनानं आक्षेप घेतला: चौथ्या तारखेची नोटीस बजावल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे निकाल टिकणार नाही. भाऊंच्या मनाला तो फार लागला. दुसऱ्या आवृत्तीत एक ओळ वाढणार आहे.

चाकरमानी वाचकांची तऱ्हा वेगळी. गणपतीला आलेल्यांनी प्रती मुंबईला नेल्या आणि तिकडून भाऊंना फोन आले ते बहुतेक लिफ्टच्या कथेसाठी. विरारच्या एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या इमारतीत लिफ्ट खरोखरच दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि तेव्हापासून त्या जिन्यानं जातात. ती कथा वाईट आहे हे माझं मत आजही तसंच आहे. तिच्यातल्या एकाही माणसाला आडनावापलीकडे काही नाही. पण गावच्या माणसाला जशी वाट अडणं ही भीती आहे, तशी सतराव्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्ट ही आहे, आणि ती लिहायला ती रोज वापरणारा लेखक हवा. भाऊ आता म्हणतात की दहिसरला गेल्यावर शेजारच्या टॉवरच्या सोसायटीचं दप्तर बघायला मिळेल का ते विचारणार आहेत. हस्तांतराची नोंद, थकबाकी, नामनिर्देशन. मी त्यांना सांगितलंय की कथा दिवाळी अंकाला आधी कबूल करू नका.